एल्बच्या बांधावरून, सावकाश

सपाट प्रदेशात बघायचं काय, असं निघण्याआधी सांगलीत मला अनेकांनी विचारलं. जर्मनी म्हटलं की आपल्याकडे आल्प्सच्या पायथ्याचा राजवाडा, ऱ्हाइनकाठचे किल्ले आणि बर्लिनची भिंत एवढं डोळ्यांसमोर येतं. हित्साकर, लेन्त्सेन, ऱ्यूश्टेट, वेर्बेन ही नावं सहलीच्या पत्रकांत सापडत नाहीत. मागदेबुर्ग आणि हॅम्बुर्ग या दोन शहरांच्या मधला हा एल्ब नदीचा काठ. गवताची कुरणं, ओक आणि विलोची झाडं, लाल विटांची गावं, आणि नदीला समांतर चाललेला मातीचा हिरवा बांध. क्षितिजापर्यंत दुसरं काही नाही.

मला मात्र हेच बघायचं होतं. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली आणि कृष्णेच्या पाण्याच्या नोंदी ठेवण्यात बरीच वर्षं घालवली. डोंगरात नदीची वाट ठरलेली असते. सपाटीवर ती रुंदावते, वळते, जुनं पात्र सोडून नवं धरते, आणि तिला कुठवर येऊ द्यायचं हे माणसाला ठरवावं लागतं. एल्बच्या या मधल्या टप्प्यात दर किलोमीटरला वीस सेंटिमीटरचाही उतार नाही. अशा जमिनीवर हातभर उंचीचा फरक फार मोठा असतो. गाव कुठं वसलं, चर्च कुठं बांधलं, ओक कुठं वाढला आणि विलो कुठं, हे सगळं तो हातभर ठरवतो. मोटारीतून तो दिसत नाही. पायी चाललं तर एका दिवसात पुरेसा प्रदेश नजरेखालून जात नाही. सायकलवर तो दिसतोही आणि पायांना कळतोही.

एल्ब चेक प्रजासत्ताकातल्या क्रकोनोश पर्वतात उगम पावते आणि सुमारे १,०९४ किलोमीटर वाहून कुक्सहाफेनजवळ उत्तर समुद्राला मिळते. उगमापासून मुखापर्यंत तिच्या काठाने सायकलची वाट आहे. पांढऱ्या पाटीवर निळ्या रंगात काढलेलं नदीचं आद्याक्षर ही तिची खूण. जर्मनीतल्या सायकलस्वारांनी ही वाट वर्षानुवर्षं सर्वांत आवडती म्हणून निवडली. मी आणि हॅम्बुर्गला राहणारी माझी मुलगी, आम्ही त्यातला फक्त मधला तुकडा घेतला. लाउएनबुर्गपासून टांगरम्युंडेपर्यंत, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेने. उतार नाहीच, तेव्हा प्रवाहाबरोबर जाण्यात काही फायदा नव्हता. वारा मात्र बहुधा पश्चिमेकडून येतो आणि झाड नसलेल्या बांधावर तो समोरून आला तर चढापेक्षा जास्त दमवतो. तो पाठीशी राहावा म्हणून आम्ही वर जायचं ठरवलं.

सायकली भाड्याने मिळतात. मागच्या हबमध्ये बसवलेले सात गिअर, पायडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक, रुंद हँडल, ताठ बसता येईल अशी सीट. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पाणी न शिरणाऱ्या पिशव्या अडकवायच्या. सांगलीत आमच्या पिढीच्या मुली शाळा-कॉलेजला सायकलनेच गेल्या, त्यामुळे मला नवीन काही शिकावं लागलं नाही. ताशी बारा-तेरा किलोमीटरचा वेग, दिवसाला चाळीसेक किलोमीटर. वाटेत आपल्याहून वयाने मोठे जोडीने चाललेले खूप दिसतात. सत्तरीच्या बायका सहज पुढे निघून जातात, जाताना मान लववून अभिवादन करतात. कपडे साधे, घाई कसली नाही. जर्मन सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना १९७९ साली स्थापन झाली. सायकल ठेवायला कुलपाची जागा, ओले कपडे वाळवायची सोय आणि एका रात्रीसाठीही खोली देणाऱ्या मुक्कामाच्या घरांना ती १९९५पासून खास पाटी देते. ही पाटी लहान खेड्यातल्या शेतघरावरही दिसते.

वाट कधी बांधाच्या माथ्यावरून जाते, कधी त्याच्या गावाकडच्या पायथ्याने. पायथ्याचा रस्ता मुळात सायकलींसाठी नाहीच. पुराच्या दिवसांत वाळूच्या पोत्यांचे ट्रक बांधापर्यंत पोचावेत म्हणून तो केलेला असतो. बांधावर मेंढ्या चरत असतात, आणि त्या तिथं कामावर असतात असंच म्हटलं पाहिजे. त्या गवत आखूड ठेवतात, त्यामुळे मुळं घट्ट धरतात. त्यांच्या खुरांनी माती दबते आणि उंदरांची बिळं बुजतात. यंत्राने गवत कापता येतं, पण यंत्राला हे दुसरं काम जमत नाही. बांध आणि नदी यांच्या मधल्या पट्ट्यात शेती नाही. तिथं कुरणं, जुन्या पात्राची अर्धचंद्राकार तळी आणि विलोची दाटी आहे. काठावरून पात्रात ठराविक अंतरावर दगडी दांडे आडवे घातलेले आहेत. ते प्रवाहाला मधोमध ढकलतात, म्हणजे बोटींना खोली मिळते. दोन दांड्यांच्या मध्ये वाळू साचून लहान किनारे झाले आहेत. जूनच्या उन्हात त्यांच्यावर मुलं पोहत असतात.

लाउएनबुर्ग सोडलं की श्नाकेनबुर्गपर्यंत सुमारे ९४ किलोमीटर ही नदीच दोन जर्मनींची सीमा होती. सीमा पात्राच्या मधोमध आहे की पूर्वेच्या काठावर, यावर दोन्ही सरकारांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. पूर्वेच्या बाजूला बांधावर कुंपण होतं, त्यामुळे नदीकाठच्या गावांना अनेक दशकं नदी दिसली नाही. हे वाक्य मी आधी पुस्तकात वाचलं होतं. बांधाच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर त्याचा अर्थ कळला. तिथून खरोखरच नदी दिसत नाही, फक्त हिरवी भिंत दिसते. माथ्यावर चढायला दहा पावलं लागतात आणि त्या दहा पावलांना बंदी होती. सैनिकांच्या गस्तीसाठी टाकलेले भोकांचे काँक्रीटचे पट्टे काही ठिकाणी अजून आहेत. त्यांच्यावरून सायकल गेली की हातांना मुंग्या येतात.

नॉयहाउसचा भाग तर आणखी विचित्र कहाणीचा. तो नदीच्या पूर्वेला, पण शतकानुशतकं पश्चिमेच्या हानोफरशी जोडलेला. युद्धानंतर पूल उरला नव्हता, पलीकडे रसद पोचवणं अवघड, म्हणून १९४५च्या जुलैमध्ये ब्रिटिशांनी तो सोव्हिएत सैन्याच्या हवाली केला. एकीकरणानंतर १९९३मध्ये तो पुन्हा लोअर सॅक्सनी राज्यात आला. पूल मात्र अजून नाही. ब्लेकेडे आणि नॉय दार्चाऊ इथे फेरीबोटीनेच जावं लागतं, आणि पुलाची चर्चा लोकांनी कंटाळावं इतकी वर्षं चालू आहे.

त्याच्या थोडं वर ऱ्यूटरबेर्ग नावाचं खेडं आहे. नदीच्या बाजूने कुंपण होतंच. १९६७पासून गावाच्या मागच्या बाजूनेही दुसरं कुंपण घातलं गेलं. आत-बाहेर जायला एकच फाटक, पास दाखवल्याशिवाय प्रवेश नाही, रात्री ते बंद. आपल्याच देशात आपलंच गाव कोंडलेलं. ८ नोव्हेंबर १९८९च्या संध्याकाळी गावसभेत, एका शिंप्याच्या पुढाकाराने, लोकांनी आपलं गाव स्वतंत्र ग्राम-प्रजासत्ताक असल्याचं एकमताने जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी बर्लिनची भिंत उघडली. इतिहासाच्या पुस्तकात ९ नोव्हेंबर असतो. मला ८ नोव्हेंबरची ती सभा जास्त मोठी वाटते, कारण उद्या काय होणार हे त्या सभेतल्या कुणालाच माहीत नव्हतं.

ड्योमित्सला पश्चिम काठावर रेल्वेच्या पुलाचे लोखंडी गाळे अजून रांगेने उभे आहेत आणि नदीपाशी येऊन संपतात. २० एप्रिल १९४५ला विमानहल्ल्यात तो पूल पडला आणि पुन्हा जोडलाच नाही. शेजारचा रस्त्याचा पूल १९९२मध्ये नव्याने झाला. जवळच गोर्लेबेन लागतं. तिथल्या मिठाच्या थरात अणुकचरा गाडायचा बेत १९७७मध्ये पुढे आला. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या विरोध केला आणि २०२०मध्ये ती जागा अंतिम शोधातून वगळली गेली. गोठ्यांच्या भिंतींवर पिवळ्या फळ्यांच्या फुल्या अजून ठोकलेल्या आहेत.

खरं सांगायचं तर मी लेन्त्सेनसाठी आले होते.

लेन्त्सेनजवळ एल्ब जवळपास काटकोनात वळते. त्या वळणाला नावाडी पूर्वीपासून वाईट जागा म्हणत आले. पूर आला की पाणी इथल्या बांधावर सरळ आदळायचं. बांध उंच करणं हा आपल्या सगळ्यांना सुचणारा उपाय. इथं उलट केलं. जुन्या बांधाच्या मागे, काही ठिकाणी एक किलोमीटरहून जास्त आत, सहा किलोमीटरचा नवा बांध बांधला. मग २००९पर्यंत जुना बांध सहा ठिकाणी मुद्दाम फोडला. मधली ४२० हेक्टर जमीन नदीला परत दिली. तिथं ओक, विलो, एल्म यांची रोपं लावून पूरमैदानातलं जंगल पुन्हा उभं करायला सुरुवात केली. २०१३च्या जूनमध्ये या नदीला विक्रमी पूर आला. तेव्हा या मोकळ्या जागेमुळे वळणाजवळची पाणीपातळी सुमारे अर्ध्या मीटरपर्यंत कमी राहिली.

मी जुन्या बांधाच्या फोडलेल्या टोकाशी सायकल लावून बराच वेळ उभी होते. आपल्याकडे पूररेषा आखतात, निळी आणि लाल. निळी साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, असा नियम. त्या रेषा नकाशावर असतात. २००५ला सांगलीत पाणी शिरलं. २०१९ला आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि रेषांच्या आतली घरं छपरापर्यंत बुडाली. लेन्त्सेनची जमीन आणि आपल्या कृष्णाकाठची जमीन यांची तुलना सरळ करता येत नाही. तिथं गवताळ कुरण होतं, आपल्याकडे ऊस आणि दाट वस्ती. दर एकराला माणसंही कितीतरी जास्त. पण बांध मागे घेता येतो, सरकार तसं करू शकतं, शेतकरी चर्चेअंती तयार होऊ शकतात, हे मी कागदावर वाचलं होतं. ते डोळ्यांनी बघावं ही माझी मोठी इच्छा होती. फोडलेल्या जागेतून आत पाणी आलेलं होतं आणि त्यात बगळे उभे होते. मुलगी म्हणाली, “आई, निघूया का?” मी म्हटलं, थांब जरा, अजून पाचच मिनिटं.

विटेनबेर्गे हे वाटेतलं मोठं गाव. ल्यूथरचं विटेनबेर्ग वेगळं, ते याच नदीवर पण खूप वर आहे. इथं १९०३मध्ये सिंगर कंपनी आली आणि शिलाई मशीनचा प्रचंड कारखाना उभा राहिला. त्याचा घड्याळाचा मनोरा १९२८-२९मधला, जवळपास ५० मीटर उंच. सपाटीमुळे तो तास-दीड तास आधीपासून दिसत राहतो. युद्धानंतर पूर्व जर्मनीत इथं व्हेरितास नावाची मशीनं होऊ लागली. एकीकरणानंतर लवकरच कारखाना बंद पडला. घड्याळ चालू आहे. गावातली बरीच घरं मात्र रिकामी दिसली. या सगळ्या पूर्वेकडच्या काठावर तरुण माणसं कमी आहेत हे जाणवतं. सायकलवाल्यांच्या येण्याने एखादं चहापानाचं घर आणि एखादा मुक्काम चालतो. तेवढं पुरेसं नाही, पण गावात संध्याकाळी कुणाच्या तरी खिडकीत दिवा दिसतो.

विटेनबेर्गेपासून पंधराएक किलोमीटरवर ऱ्यूश्टेट. इथं करकोचे राहतात. तीसच्या आसपास जोड्या दरवर्षी येतात, छपरांवरच्या घरट्यांत बसतात आणि दिवसभर चोची वाजवतात. त्यांना गळ्यातून सूर काढता येत नाही, जे काही बोलायचं ते चोचीनेच. घरांवर पाट्या आहेत. त्यांवर कोणत्या वर्षी जोडी कधी आली आणि किती पिल्लं उडाली याच्या नोंदी. आयुष्यभर पाणीपातळीच्या नोंदी ठेवलेल्या बाईला हे किती भावलं असेल! ओल्या कुरणांतले बेडूक आणि गांडुळं हे त्यांचं अन्न, म्हणजे करकोचे टिकायचे तर नदीने कुरणं भिजवली पाहिजेत. ऑगस्टच्या अखेरीस ते बॉस्फरसवरून आफ्रिकेला जातात. पक्षी हिवाळ्यात जातात कुठं, हे युरोपला बराच काळ कोडं होतं. १८२२मध्ये उत्तरेला मेक्लेनबुर्गमधल्या क्ल्युत्सजवळ एक करकोचा सापडला. त्याच्या मानेत आफ्रिकेतला लांब बाण आरपार घुसलेला होता आणि तो तसाच उडत परत आला होता. तो पक्षी रोस्टोक विद्यापीठात अजून जतन केलेला आहे.

ऱ्यूश्टेटहून पुढे क्विट्सयोबेलच्या पूरदरवाजांपाशी मी पुन्हा रेंगाळले. इथं हाफेल नदी एल्बच्या अगदी जवळ येते. एल्बला मोठा पूर आला तर दरवाजे उघडून तिचं पाणी हाफेलच्या सखल कुरणांत घेतात. २००२च्या ऑगस्टमध्ये असं पहिल्यांदा केलं आणि विटेनबेर्गेला पुराचा माथा जवळपास ४० सेंटिमीटरने खाली आला. पण उन्हाळ्यातलं उभं गवत पाण्याखाली कुजलं, पाण्यातला प्राणवायू संपला आणि हाफेलमधले मासे मोठ्या प्रमाणात मेले. पाण्याच्या प्रत्येक निर्णयाची किंमत कुणीतरी भरतं. तिथल्या लोकांनी ती गोष्ट लपवून ठेवलेली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

हाफेलबेर्गचं कॅथीड्रल उंचावर आहे. ते पाहून आम्ही रेबेलच्या तराफ्याकडे वळलो. या तराफ्याला इंजिन नाही. नदीच्या तळात, प्रवाहाच्या वरच्या अंगाला खूप दूर, नांगर रुतवलेला आहे. त्याला बांधलेला लांब पोलादी दोर तरंगत्या आधारांवर पेललेला आणि त्याच्या खालच्या टोकाला तराफा. तराफ्यापाशी दोराच्या दोन शाखा होतात. नावाडी एक शाखा आखडून घेतो, दुसरी सैल सोडतो. तराफा प्रवाहाला तिरका होतो. पाणी त्याच्या कुशीवर दाबतं, दोर त्याला वाहून जाऊ देत नाही, मग तो आडवा सरकत पलीकडे जातो. कॉलेजात बलांचं विघटन शिकवताना फळ्यावर जी आकृती काढतात, ती इथं दोन मोटारी, एक ट्रॅक्टर आणि आमच्या सायकली घेऊन नदी ओलांडत होती. आवाज फक्त पाण्याचा. नावाड्याला मुलीने माझी ओळख करून दिली, मी काय काम करत होते ते सांगितलं. मग त्याने मला चाकाजवळ बोलावून कोणती दोरी केव्हा ओढायची ते दाखवलं. त्याचं दुखणं मात्र पुराचं नव्हतं. पूर येतो आणि जातो, म्हणाला, उन्हाळ्यात पाणीच राहत नाही त्याचं काय करायचं? २०१८च्या कोरड्या उन्हाळ्यात एल्बवरचे काही तराफे बंद ठेवावे लागले. जर्मनीत या नदीवर बंधारा एकच, हॅम्बुर्गच्या वर गेस्टहाख्तला. त्याच्यावर चेक सीमेपर्यंत ती मोकळी वाहते, म्हणून पाऊस नसेल तर तिला रोखून धरायला काहीच नाही.

पलीकडे वेर्बेन, देशातल्या सर्वांत लहान शहरांपैकी एक. दगडी फरसबंदी, खिडक्यांत गुलाब. जून होता म्हणून पांढऱ्या ॲस्परॅगसचा हंगाम चालू होता. उकडलेले कोवळे कोंब, नवे बटाटे आणि वितळलेलं लोणी. मी मांसाहार करत नाही, आणि जर्मन खेड्यात एरवी माझी थोडी पंचाईत झाली असती, पण या मोसमात प्रत्येक खाणावळीत हे ताट मिळतं. २४ जूनला तोडणी थांबवतात, म्हणजे झाडाला पुढच्या वर्षासाठी बळ धरता येतं. दुपारी तीन-चारच्या सुमाराला कॉफी आणि केक. रुबार्बचा आंबट केक मला फार आवडला. गावाबाहेर घरासमोर टेबलावर जॅमच्या बाटल्या आणि अंडी मांडलेली असतात, शेजारी पैशाचा डबा, विकणारं कुणी नाही.

टांगरम्युंडेला लाल विटांच्या वेशी आणि नगरभवनाचं नक्षीदार शिखर नदीवरून दिसतं. सम्राट चौथ्या कार्लने चौदाव्या शतकात इथं आपलं दुसरं राजधानीचं ठाणं वसवलं होतं. समोरच्या काठावर फिशबेक. २०१३च्या पुरात तिथला बांध फुटला आणि भगदाड बुजवायला शेवटी मालवाहू पडाव आणून बुडवावे लागले. लेन्त्सेन आणि फिशबेक एकाच नदीवर, एकाच पुरात.

कुणाला जायचं असेल तर मे, जून किंवा सप्टेंबर निवडा. तराफ्यांची वेळ आणि पाण्याची पातळी आदल्या दिवशी विचारून घ्या. रोख पैसे बाळगा, लहान गावात कार्ड चालेलच असं नाही. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच पाव आणि फळं घेऊन ठेवा. प्रादेशिक रेल्वेत सायकल नेता येते, तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं. एकच दिवस हाताशी असेल तर बर्लिन किंवा हॅम्बुर्गहून गाडीने विटेनबेर्गेला उतरा, बांधाने ऱ्यूश्टेटला जा, पाट्यांवरच्या नोंदी वाचा, कॉफी घ्या आणि बाड विल्सनाकच्या स्टेशनवरून संध्याकाळची गाडी पकडून परत या.